कॅप बसण्याआधी: खचलेला दात आतून उभा कसा करतात

रूट कॅनल झालं, ठणका थांबला, आणि आता डॉक्टर म्हणतायत, "दात फारच थोडा उरलाय. आधी बिल्ड-अप करू, मग कॅप." अंदाजे खर्चाच्या कागदावर एक ओळ वाढते आणि नेमकी तीच ओळ कुणाला उमजत नाही. रूट कॅनल म्हणजे काय हे आताशा घरोघरी माहीत असतं. कॅपही प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या तोंडात पाहिलेली असते. मधलं काम, म्हणजे बिल्ड-अप, तुटलेला दात आतून भरून पुन्हा उभा करणं, कॅपखाली झाकलं जातं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही. दवाखान्यात रोज हेच काम करणारा माणूस म्हणून सांगतो: दात किती वर्षं साथ देणार हे बरंचसं या झाकलेल्या भागात ठरतं. कॅप झिरकोनियाची घ्यायची की मेटल-सिरॅमिकची, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

पुढचं सगळं मी एक दाढ डोळ्यांसमोर ठेवून सांगतोय: खालची पहिली मोठी दाढ. ही सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता. आईवडिलांना वाटतं, हीही दुधाचीच असेल, पडेल की. तिथून दुर्लक्ष सुरू होतं. तिशी-पस्तिशीत ती आमच्याकडे येते तेव्हा तिची कहाणी साधारण ठरलेली असते. शाळेत असताना भरलेलं चांदीचं सिमेंट, त्याच्या कडेने हळूहळू आत शिरलेली कीड, एक दिवस जेवताना जिभेकडची भिंत तुटून घासात आलेली, आणि मग रूट कॅनल.

पहिली पायरी: दात वाचवण्याजोगा आहे का, हे बघणं

ही पायरी घाईत उरकली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. जुनं सिमेंट, तात्पुरतं सिमेंट आणि सगळी कीड काढल्याशिवाय दात किती उरलाय हे कुणालाच कळत नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही. एक्स-रेवर जी भिंत धडधाकट दिसते ती आतून पोखरलेली निघू शकते.

कीड काढताना रंगावर फारसं जाता येत नाही. जुनी, थांबलेली कीड काळपट-तपकिरी असूनही टणक असते, आणि ताजी कीड फिकट असूनही मऊ. म्हणून शेवटी हात सांगेल ते खरं. चमच्याच्या आकाराचं छोटं हत्यार फिरवलं की मऊ भाग ओल्या चामड्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. खाली टणक डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला दाताचा मुख्य थर, लागलं की हत्यार खरखरतं आणि पापुद्रे निघायचे थांबतात. मधल्या भागात थोडा डाग राहिला तर चालतो. कडांना, म्हणजे जिथे पुढे कॅपची किनार बसणार तिथे, मऊ भाग अजिबात राहता कामा नये.

स्वच्छ झालेल्या दातात मग काही गोष्टी बघतात. हिरडीच्या कडेने बारीक खुणांची सळई फिरवून खोली मोजतात. सगळीकडे २-३ मिलीमीटर आणि एकाच जागी अचानक ८-९ मिलीमीटर खोल गेली तर मूळ उभं चिरलेलं असण्याची दाट शंका येते. उभं चिरलेलं एकमुळी दाताचं मूळ वाचत नाही, त्यावर कितीही महाग कॅप बसवली तरी. दात हलतो का, हाडाचा आधार किती आहे, आणि खालच्या दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात कीड पोचली आहे का, हेही याच बैठकीत पाहायचं. तंबाखू, मिश्री लावणाऱ्यांमध्ये हिरड्या आणि हाड खराब झालेलं वारंवार आढळतं. अशा तोंडात एका दाढेवर मोठा खर्च करण्याआधी हिरड्यांचे उपचार करून घेतलेले बरे.

पेशंटने इथे एक गोष्ट जरूर करावी. कीड काढून झाल्यावर आरसा किंवा मोबाइलवरचा फोटो मागून दात स्वतः बघावा. बरेच डॉक्टर आनंदाने दाखवतात. पुढचे सगळे निर्णय त्या एका फोटोवर उभे असतात.

दुसरी पायरी: हिरडीच्या वरची दोन मिलीमीटर

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. काठी टोकाला फुटू नये म्हणून तिला लोखंडी शेंबी बसवतात. शेंबी काठीच्या लाकडाला चहूबाजूंनी आवळते म्हणून ती कामाची. कॅपनेही दाताला तसंच आवळायचं असतं, आणि आवळायला तुमचा स्वतःचा, निरोगी दात तिथे असावा लागतो. सिमेंटला आवळून तो फायदा मिळत नाही. कॅपच्या किनारीपासून वर किमान दीड ते दोन मिलीमीटर उंचीचा आणि साधारण एक मिलीमीटर जाडीचा नैसर्गिक दाताचा पट्टा, शक्यतो चहूबाजूंनी, ही आमची किमान अपेक्षा. या पट्ट्याला डॉक्टर मंडळी 'फेरूल' म्हणतात.

जाडीचा हिशेब करताना भले भले फसतात. बिल्ड-अप करायच्या आधी भिंत दोन मिलीमीटर जाड दिसते, सगळे निश्चिंत होतात. पण कॅपला जागा करण्यासाठी ती भिंत बाहेरून घासावी लागते, आणि आतून रूट कॅनलची वाट करताना ती आधीच कोरली गेलेली असते. घासल्यानंतर अर्धा मिलीमीटरचा पापुद्रा उरला तर तो असून नसल्यासारखा. म्हणून भिंत मोजायची ती घासल्यानंतर किती उरेल या हिशेबाने.

चारही बाजूंना पट्टा मिळाला नाही म्हणून दात लगेच बाद होत नाही. कुठल्या बाजूला कमी आहे, याला महत्त्व आहे. वरच्या पुढच्या दातांना खालचे दात आतून बाहेरच्या दिशेने ढकलत असतात, त्यामुळे तिथे टाळूकडची भिंत शाबूत असणं फार मोलाचं. आमच्या उदाहरणातल्या दाढेची गालाकडची भिंत आणि पुढची-मागची बाजू ठीक आहे, फक्त जिभेकडे दात हिरडीच्या रेषेत तुटलाय, असं धरू. अशी दाढ बहुधा चालून जाते. तीन बाजूंनी हिरडीत गेली असती तर वेगळा विचार करावा लागला असता.

पट्टा मिळतच नसेल तर

दोन रस्ते आहेत. एक, हिरडी आणि गरज पडल्यास हाडाची कडा थोडी खाली घ्यायची, म्हणजे दात तेवढा जास्त उघडा पडतो. याला क्राउन लेंग्थनिंग म्हणतात. कॅपची किनार आणि हाड यांच्यामध्ये साधारण ३ मिलीमीटर अंतर राहावं लागतं. ते न ठेवता किनार खोल दाबून बसवली तर हिरडी कायम लालभडक राहते, ब्रश लागला की रक्त येतं, आणि पेशंट वर्षभर माउथवॉशच्या बाटल्या बदलत राहतो. ही छोटी शस्त्रक्रिया भूल देऊन खुर्चीतच होते. मागच्या दातांत त्यानंतर सहा-आठ आठवडे थांबून अंतिम माप घ्यावं. पुढच्या दिसणाऱ्या दातांत हिरडी स्थिरावायला तीन ते सहा महिने लागू शकतात. लग्नाची तारीख जवळ असेल तर हे आधीच बोलून घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे दातांना लावतात तशा तारेने मूळ हळूहळू वर ओढायचं. याला काही आठवडे आणि मग तिथे स्थिर राहायला आणखी काही आठवडे जातात. पुढच्या एकमुळी दातांसाठी हा रस्ता सुंदर आहे, कारण शेजारच्या दातांची हिरडी जागच्या जागी राहते. दाढांना सहसा कुणी हे करत नाही.

आणि दोन्ही जमण्यासारखं नसेल, मूळ आखूड असेल किंवा कीड बेचक्यात उतरली असेल, तर दात काढून ब्रिज किंवा इम्प्लांट हाच प्रामाणिक सल्ला. "डॉक्टर, काहीतरी करून वाचवा" असा आग्रह पेशंटने धरला की कधीकधी डॉक्टरही विरघळतात आणि वर्षा-दोन वर्षांत दोघांनाही पश्चात्ताप होतो.

तिसरी पायरी: रूट कॅनलची तपासणी

मुळातलं गुलाबी-नारिंगी भरण टोकापर्यंत नीट पोचलंय का, मुळाच्या टोकाशी काळी सावली वाढतेय की विरतेय, हे ताज्या एक्स-रेवर बघायचं. चावल्यावर दुखणं, हिरडीवर पुळी, तिथून पू असं काही असेल तर थांबायचं. आत संसर्ग ठेवून वर इमला बांधण्यात अर्थ नाही.

तात्पुरतं सिमेंट किती दिवसांपासून आहे, हा प्रश्न इथे कळीचा. ते काही आठवड्यांसाठीच असतं. दुखायचं थांबलं की माणूस दवाखान्याची वाट विसरतो, हे आम्हा सगळ्यांच्या रोजच्या अनुभवातलं. सहा महिन्यांनी येतो तेव्हा सिमेंट अर्धं निघालेलं, लाळ आणि जंतू आत झिरपलेले, आणि रूट कॅनल पुन्हा करायची वेळ आलेली. मधल्या काळात उरलेली भिंतही तुटते. रूट कॅनल झालेल्या दातांवर अमेरिकेत झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्यांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेले होते. सगळ्या दातांना हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण दाढांच्या बाबतीत दिरंगाई महागात पडते एवढं नक्की.

लवंगेच्या वासाचं तात्पुरतं सिमेंट तुम्हाला ठाऊक असेल. त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. त्यामुळे पुढे कंपोझिटचं, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनच्या भरणाचं, बिल्ड-अप करायचं असेल तर ते सिमेंट नीट खरवडून, आतला चेंबर (नस असायची ती पोकळी) स्वच्छ करूनच पुढे जावं लागतं.

चौथी पायरी: खुंटी हवी की नको

पोस्ट म्हणजे मुळात बसवायची खुंटी. पेशंटच्या भाषेत "डॉक्टरांनी खिळा मारला" किंवा "स्क्रू टाकला". कल्पना जुनी आहे: फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुळात खुंटी बसवून वर दात उभा करण्याचं वर्णन आहे.

पोस्टबद्दलचा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे ती दाताला बळकटी देते. देत नाही. पोस्टसाठी जागा करताना मूळ आतून आणखी कोरावं लागतं, म्हणजे झाला तर दात थोडा कमजोरच होतो. पोस्टचं काम एवढंच की वरचं सिमेंट, ज्याला कोअर म्हणतात, ते जागेवर धरून ठेवायचं. कोअर दुसऱ्या कशाने धरता येत असेल तर पोस्टची गरज नाही.

दाढांमध्ये बहुतेक वेळा ती लागत नाही. दाढेच्या पोटात जो चेंबर असतो, जिथे पूर्वी नस होती, तो खोलगट आणि चांगला ऐसपैस असतो. त्यातच सिमेंट भरून वर बांधत न्यायचं. आमच्या उदाहरणातल्या दाढेला मी पोस्ट लावणार नाही. दोन-तीन भिंती गेल्या असतील आणि चेंबरही उथळ असेल तर एखादी लावावी लागते. ती सगळ्यात रुंद आणि सरळ मुळात घालतात: खालच्या दाढेत मागच्या, वरच्या दाढेत टाळूकडच्या. उपदाढा आणि पुढचे दात यांचं तसं नाही. त्यांच्यात चेंबर असा नसतोच, शिवाय त्यांच्यावर आडवा जोर येतो. त्यांचा वरचा भाग निम्म्याहून जास्त गेला असेल तर पोस्टचा विचार करावाच लागतो.

लावायचीच झाली तर नियम थोडे पण काटेकोर. मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिलीमीटर मूळचं भरण तसंच ठेवायचं. ते काढलं तर टोकाची बंदिस्ती जाते. पोस्टची लांबी वर येणाऱ्या कॅपच्या उंचीइतकी तरी असावी. जाडी मुळाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. जागा करताना फिरकी हळू चालवायची आणि मध्ये एक एक्स-रे काढून दिशा तपासायची. मूळ वाकडं असेल आणि फिरकी सरळ गेली, तर बाजूला भोक पडतं.

प्रकार तीन. पहिला, लॅबमधून ओतवून आणलेली धातूची पोस्ट आणि कोअर, एकाच तुकड्यात. जुनी, भरवशाची, वेडीवाकडी मुळं असतील तर अजूनही उपयोगी. पण दोन बैठका लागतात आणि धातू ताठ असल्याने जोर मुळावर जातो. दुसरा, तयार धातूच्या पोस्ट. त्यातल्या आट्या असलेल्या, फिरवून घट्ट करायच्या स्क्रूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टाळा. आट्या मुळाच्या भिंतीत पाचरीसारखा ताण देतात, आणि उभ्या चिरेला तेवढं निमित्त पुरतं. तिसरा, फायबर पोस्ट, म्हणजे काचेच्या तंतूंची रेझिनमध्ये बांधलेली काडी. पोलाद डेंटिनच्या साधारण दहापट ताठ असतं. फायबर त्या मानाने डेंटिनच्या बरंच जवळचं. त्यामुळे बिघडलीच तर फायबर पोस्ट बहुधा सुटते किंवा मोडते, आणि मूळ पुन्हा काम करण्याजोगं राहतं. धातूच्या बाबतीत मूळ फुटण्याची भीती जास्त. शिवाय फायबर पोस्ट पांढरी असल्याने पुढच्या दातांच्या सिरॅमिक कॅपखालून काळी सावलीही दाखवत नाही.

फायबर पोस्ट चिकटवण्यावर टिकते, आणि चिकटवणं हे कोरडेपणावर. मुळात खोलवर दिव्याचा प्रकाश पोचत नाही, म्हणून प्रकाशाशिवायही आपोआप घट्ट होणारं रेझिन सिमेंट वापरतात.

पाचवी पायरी: कोअर बांधणं

आता प्रत्यक्ष बांधकाम. दातात नस नसली तरी हिरडीला दुखतं, म्हणून बहुतेक वेळा भुलीचं इंजेक्शन देतात. मग रबर डॅम, म्हणजे तोंडावर ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा, ज्यातून फक्त तेवढा दात बाहेर डोकावतो. पहिल्यांदा थोडं गुदमरल्यासारखं वाटेल, दोन मिनिटांत सवय होते. १८६४ पासून दंतवैद्यकात असलेली ही साधी वस्तू आजही अनेक दवाखान्यांत कपाटातच राहते. कंपोझिटच्या कामात लाळेचा एक थेंब पुरतो सगळं बिघडवायला. दात फारच तुटका असला आणि रबर डॅमला धरायला काहीच नसलं तर कापसाच्या गुंडाळ्या आणि सक्शनवर निभावतात, पण "रबर डॅम लावाल ना?" हे विचारण्यात संकोच नको.

कशाने बांधायचं? आज सगळ्यात जास्त वापर कंपोझिटचा. दातावर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावतात, डेंटिनवर साधारण १५ सेकंद, मग धुऊन, दमट ठेवून, बाँडिंगचा थर, त्यावर निळा दिवा, आणि मग कंपोझिट. दिव्याने घट्ट होणारं कंपोझिट साधारण दोन-दोन मिलीमीटरच्या थरांनी भरायचं असतं. एकदम गोळा भरला तर वरून दगड आणि तळाशी कच्चं राहतं. खास कोअरसाठी मिळणारं दुहेरी पद्धतीने घट्ट होणारं कंपोझिट एका दमात भरता येतं. पेशंटला यातलं काही दिसत नाही, पण खुर्चीतला वेळ जाणवतो. दहा मिनिटांत मोठं बिल्ड-अप संपलं तर मला स्वतःला शंका येईल.

चांदीचं सिमेंट, म्हणजे अमाल्गम, दाढांच्या कोअरसाठी उत्तम टिकतं. १९८० मध्ये नय्यर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत अशी की चेंबर आणि प्रत्येक मुळाचा तोंडाशी २ ते ४ मिलीमीटर भाग अमाल्गमने ठासून भरायचा. पोस्टशिवाय कोअर घट्ट बसतो. पण अमाल्गमला पूर्ण कडक व्हायला दिवसभर द्यावा लागतो, घासायला दुसऱ्या दिवशी या. पारा असल्याने त्याचा वापर आता ओसरत चाललाय.

ग्लास आयोनोमर, म्हणजे जीआयसी, छोटा खड्डा भरायला ठीक. अर्धा दात त्याने उभा करू नये, ठिसूळ असतं. स्वस्तात "सिमेंट भरून कॅप" असं कुणी म्हटलं तर कुठलं सिमेंट, हे विचारा.

बाजूची भिंत नसेल तर दाताभोवती धातूची पातळ पट्टी गुंडाळून साचा करतात आणि दोन दातांमध्ये लाकडी पाचर सारतात. पाचर नीट बसली नाही तर सिमेंट हिरडीखाली ओघळून तिथे कंगोरा होतो, आणि मग तिथेच अन्न अडकतं.

सहावी पायरी: घासणं, माप, तात्पुरती कॅप

कोअर कडक झाला की दात कॅपच्या आकाराला आणतात. मेटल-सिरॅमिक असेल तर चावण्याच्या बाजूला दीड ते दोन मिलीमीटर जागा लागते. झिरकोनिया किंवा पूर्ण धातूची असेल तर थोडी कमी. जागाच कमी असेल, दात बुटका असेल, मागची दाढ असेल आणि हसताना दिसत नसेल तर पूर्ण धातूची कॅप हा फार शहाणा पर्याय आहे. पण ती सुचवली की पेशंटचा चेहरा पडतो, म्हणून हल्ली सुचवणारेच कमी.

एक नियम मात्र सोडायचा नाही: कॅपची किनार खऱ्या दातावर थांबली पाहिजे, कोअरवर नाही. दुसऱ्या पायरीतला पट्टा इथे कामी येतो.

मग माप. रबरासारख्या पुट्टीने किंवा स्कॅनरने. रंग निवडायचा तो काम सुरू होण्याआधी, खिडकीच्या उजेडात, कारण दात कोरडा पडला की पांढुरका दिसतो आणि चुकीचा रंग लॅबला जातो. तात्पुरती कॅप घातल्यावर त्या बाजूने चिक्की, च्युइंगगम नको. दातांच्या फटीत दोरा (फ्लॉस) फिरवलात तर बाहेर काढताना वर न खेचता बाजूने ओढा. निघालीच तर दवाखान्यात फोन करा. घरी फेविक्विकने चिकटवू नका. असे येणारे पेशंट दुर्मिळ नाहीत, आणि ते साफ करताना कोअरच निघून यायची पाळी येते.

सातवी पायरी: कॅपची ट्रायल आणि बसवणं

लॅबमधून कॅप आली की लगेच चिकटवून घेऊ नका. किनारीला टोकदार सळई अडकते का, शेजारच्या दातांमधून दोरा थोडा अडून जातो का, रंगीत कागद चावल्यावर एकाच जागी गडद ठिपका उमटतो का, हे डॉक्टर बघतात. तुमचं काम एवढंच की "उंच लागतंय" असं वाटलं तर सांगायचं. "सवय होईल" या उत्तरावर समाधान मानू नका. बधिर तोंडाने चावा नीट कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी खटकलं तर परत जा. उंच राहिलेली कॅप मुळावर रात्रंदिवस ठोके देत राहते.

चिकटवल्यावर जादा सिमेंट दातांच्या फटीतून नीट काढलं गेलं पाहिजे. शेवटचा एक एक्स-रे काढून घेतला तर किनारही दिसते आणि पुढच्या वर्षांसाठी तुलनेला नोंदही होते.

खर्च, वेळ आणि कुठे जायचं

अंदाजपत्रक मागताना रूट कॅनल, पोस्ट असल्यास पोस्ट, कोअर आणि कॅप या ओळी वेगळ्या लिहून घ्या. "पॅकेज"मध्ये कोअर काय आहे हे नेहमी गुलदस्त्यात राहतं. कॅपची वॉरंटी कार्डं मिळतात, पण ती कॅपच्या सामग्रीची असतात. आतला दात किडला किंवा मूळ फुटलं तर त्याला ती लागू होत नाहीत.

खासगी खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालयांचा रस्ता चांगला आहे. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. काम विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्प्यावर शिक्षक तपासतात. बैठका जास्त होतात, रांग असते. मात्र पोस्ट खरंच हवी का, यावर तिथे जितकी चर्चा होते तितकी खासगी दवाखान्यात क्वचितच होते.

नंतर

कॅप किडत नाही, तिच्या किनारीखालचा दात किडतो. त्यामुळे ब्रश हिरडीच्या रेषेवर टेकवून फिरवायचा आणि फटीत छोटा ब्रश किंवा दोरा रोज. अख्खी सुपारी फोडणं, दातांनी ऊस सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं या गोष्टी त्या बाजूने बंदच. रात्री दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा, झोपताना घालायचं गार्ड मिळतं.

आणि कधी कॅप हातात आलीच तर तिच्या आत बघा. आत फक्त पांढरट सिमेंटचा पातळ थर असेल आणि तोंडातला कोअर बोटाला उभा लागत असेल, तर बातमी बरी आहे. आत कीड नसली की बहुधा ती पुन्हा चिकटवता येते. कॅपच्या पोटात दाताचा किंवा कोअरचा तुकडाच अडकलेला असेल आणि तोंडात हिरडीच्या पातळीला सपाट लागत असेल, तर वरचा इमला मोडलाय, आणि तपासणी पहिल्या पायरीपासून परत करावी लागेल. दोन्ही वेळी कॅप फेकू नका. छोट्या डबीत घालून तशीच, न धुता-खरवडता, दवाखान्यात घेऊन या. ती कुठून सुटली हे डॉक्टरांना तिच्या आतूनच कळतं.